चार बोटं जागा

घुम्या छप्पन्न वर्षांचा होईपर्यंत कधी खोटं बोलला नव्हता, कारण खोटं बोलायला आधी तोंड उघडावं लागतं. त्या रविवारी त्याने ते उघडलं. पाळकसाहेब, एकशे दहा माणसं, स्वतःची बायको आणि वर जो कोणी ऐकत असतो तो, एवढ्यांच्या समक्ष प्रार्थनामंदिरात उभं राहून त्याने धडधडीत थाप मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं बोलल्याबद्दल त्याला आजवर कुणी टाळ्या दिल्या नव्हत्या.

ह्या सगळ्याला कारण एक कागदी झाड.

झालं होतं असं, की मंडळीत नवे पाळक आले होते. वयानं कोवळे, दाढीनं पोक्त, आणि उत्साह असा की बघणाऱ्यालाच दम लागावा. आल्या आल्या त्यांनी निदान केलं, की आपली मंडळी रविवारी सिंह असते आणि सोमवारी मांजर. उपासनेत गळा काढून गाणारी माणसं कामावर गेली की प्रभूचं नाव काढत नाहीत. तेव्हा प्रत्येकानं रोजच्या बोलण्यात, दुकानात, रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, आपल्या विश्वासाबद्दल सहज बोलायचं. मोहिमेचं नावच मुळी ‘सहज साक्ष’. सहज कसं बोलायचं ते शिकवायला दर बुधवारी संध्याकाळी वर्ग ठेवला, जोड्या लावून सराव घेतला, आणि खिशात ठेवायला एक छापील कार्डही वाटलं. कार्डावर तीन पायऱ्या होत्या. आधी हवापाणी, मग समोरच्याचं सुखदुःख, मग प्रभू. सहजपणाला इतकी तयारी लागते हे घुम्याला तोवर माहीत नव्हतं.

आणि समोरच्या भिंतीवर ते झाड. तपकिरी कागदाचं खोड, प्रत्येक सभासदाच्या नावाची एक फांदी, आणि कुणाशी बोलणं झालं की फांदीला एक हिरवं पान. देव सगळं बघतो ही श्रद्धा ठीक आहे, पण शेजारच्यालाही दिसलेलं बरं, एवढाच त्यामागचा विचार.

महिन्याभरात झाड असं बहरलं की काही फांद्यांना भिंत पुरेना. सगळ्यात पुढे कंडक्टरकाकू. बाईंनी एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती आणि दोन थांब्यांच्या मध्ये आदामापासून माणसाच्या तारणापर्यंतची गोष्ट पुरी करायचा त्यांचा हातखंडा होता. ज्याला लवकर उतरायचं असे, तोही गोष्ट संपल्यावरच उतरे, कारण घंटी काकूंच्या हातात. त्यांच्या खालोखाल दातांचे डॉक्टर. त्यांच्यासमोरच्या माणसाचं तोंड उघडं, त्यात एक नळी आणि दोन बोळे, त्यामुळे त्यांच्या साक्षीला आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. घुम्याची बायकोही मागे नव्हती. एकदा चुकून लागलेल्या फोनवर तिने पंचवीस मिनिटं साक्ष दिली. त्या माणसानं पुन्हा कधी कुणाचा नंबर चुकवला नसेल.

सहाव्या आठवड्याला दोनच फांद्या बोडक्या उरल्या. एक होती मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर आजोबांची, पण ते तिसऱ्या आठवड्यातच वारले होते. मग कळलं की शेवटच्या दिवशी नर्सच्या कानात ते काहीतरी पुटपुटले होते. लगेच त्यांनाही पान मिळालं. म्हणजे मेलेला माणूससुद्धा पुढे गेला आणि मागे राहिला तो एकटा घुम्या.

घुम्याचा विश्वास नव्हता असं मात्र कुणी समजू नये. होता, आणि चांगला घट्ट होता. रोज सकाळी कारखान्यात छिन्नी हातात घेतली की तो क्षणभर डोळे मिटायचा, मगच पहिला घाव घालायचा. पण त्याचं म्हणणं असं, की पाव चांगला भाजला असेल तर बेकरीवाल्याला रस्त्यात ओरडत फिरावं लागत नाही. आपण काम नीट करावं, कुणाला फसवू नये, अडलेल्याला हात द्यावा, लोकांना काय कळायचं ते कळतं. हे म्हणणं खोटं नव्हतं. फक्त फार सोयीचं होतं, आणि ते त्यालाही आतून ठाऊक होतं.

तर त्या रविवारी पाळकसाहेब अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाले, की आज आपल्या एका बंधूंची फांदी आपण सगळे मिळून वाट बघत असलेली फांदी आहे. वाक्य नीट नव्हतं, पण एकशे दहा माना बरोबर वळल्या. बायकोचं कोपर बरगडीत शिरलं. घुम्या उभा राहिला तो ‘नाही’ म्हणायलाच. तोंडातून निघालं, “पेंटरशी बोललो.”

पाळकांनी विचारलं, काय म्हणाले ते? घुम्या म्हणाला, ऐकून घेतलं. मागून कंडक्टरकाकूंनी विचारलं, डोळ्यांत पाणी आलं का त्यांच्या? घुम्यानं विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की तिथे धूळ फार असते. हे उत्तर मंडळीला इतकं नम्र वाटलं की दोघीतिघींनी रुमाल काढले. पान लागलं. पेंटरसाठी दहा मिनिटं प्रार्थना झाली. आणि काकूंनी जाहीर केलं, की कोवळ्या रोपाला पाणी घालावं लागतं, तेव्हा शनिवारी आपण स्वतः केक घेऊन कारखान्यात जाणार आणि पेंटरसाहेबांना भेटणार.

म्हणजे हातात पाच दिवस. शनिवारच्या आत पेंटरशी बोलून थाप खरी करायची, नाहीतर एकोणीस वर्षांच्या सोबत्यापुढे चारचौघांत तोंड काळं करून घ्यायचं.

हा पेंटर म्हणजे घुम्याचा कारखान्यातला भागीदार. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्या छापून यायला लागल्या तसा त्याचा धंदा बसला, आणि तो दगडाकडे वळला. दोघं मिळून थडग्यांचे दगड करत. गिऱ्हाइकाशी बोलणं, दगडावर पट्टी लावून पांढऱ्या पेन्सिलीनं अक्षरं आखणं आणि शेवटचं पॉलिश ही पेंटरची कामं. अक्षरं कोरणं हे घुम्याचं. पेंटरचा हात असा की ओळीच्या दोन बाजूंना सुटलेली जागा दोऱ्यानं मोजली तरी केसाचा फरक निघू नये. पेंटर कुठल्याच देवाचा नव्हता. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपणं हाच त्याचा धर्म, आणि तो मात्र निष्ठेनं पाळायचा.

आता गंमत बघा. ज्या माणसाला विश्वासाबद्दल एक वाक्य तोंडानं बोलता येत नव्हतं, त्याने गेली एकोणीस वर्षं रोज तीच वाक्यं दगडात कोरली होती. प्रभूच्या घरी गेली. देवाच्या कुशीत विसावला. त्या पहाटे पुन्हा उठेल. लोकांच्या आया, बाप, पोरं, सासवा, सगळ्यांना घुम्यानं स्वर्गात पोचतं केलं होतं. पेंटर अक्षरं आखता आखता ती वाक्यं मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचा, “तुझ्या देवाचा पत्ता काय रे नक्की? कुणी कुशीत म्हणतो, कुणी घरी, कुणी पायाशी. पोस्टमननं जायचं कुठे?” घुम्या म्हणायचा, “हं.” एवढीच त्यांची धर्मचर्चा.

चार वर्षांपूर्वी पेंटरची बायको गेली. आजार पाच महिन्यांचा, आणि मूलबाळ नाही. तेव्हा घुम्या जे वागला त्याचा त्याला अजून मनातल्या मनात अभिमान होता. तो महिनाभर रोज संध्याकाळी पेंटरकडे डबा घेऊन जायचा, समोर बसायचा, आणि एक शब्द बोलायचा नाही. गळका नळ दुरुस्त केला, खिडकीची कडी बसवली. घुम्याच्या बायकोला पेंटरकडे जाऊन प्रभूबद्दल दोन शब्द सांगायचे होते, पण तिला त्याने दारातच अडवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा आवाज चढवून सांगितलं, की त्या माणसाला सुखानं रडू दे. दुःखात असलेल्या माणसाला गाठून आपला देव त्याच्या गळ्यात मारायचा नाही, एवढी तरी आपल्याला समज आहे, असं त्याला वाटलं होतं.

दगडाचंही तेच. बायकोचा दगड पेंटरनं स्वतः आखला. काळा ग्रॅनाइट, वर नाव, खाली दोन तारखा, बस्स. पण मजकूर किंचित वर सरकला होता आणि तारखांच्या खाली चार बोटं जागा मोकळी राहिली होती. पेंटरची आखणी चुकलेली घुम्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितली. बिचाऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही, त्याला कशाला दाखवायचं, असं म्हणून त्याने निमूटपणे आखलं होतं तसंच कोरलं. ही चूक आपण कधीही बोलून दाखवली नाही, ह्याचाही त्याला अभिमान होता. न बोलता मिळवलेले असे बरेच अभिमान घुम्याच्या गाठीशी होते.

सोमवारी त्याने कार्डावरची पहिली पायरी चढायची ठरवली. पेंटर दगडावर वाकला होता. घुम्या शेजारी जाऊन उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, “हवा छान आहे.”

पेंटरनं वर बघितलं. मग दाराबाहेर बघितलं. बाहेर आभाळ भांड्याच्या बुडासारखं दिसत होतं. एकोणीस वर्षांत घुम्यानं हवेबद्दल चकार शब्द काढला नव्हता, एकदा वादळात छपराचा पत्रा उडाला तेव्हासुद्धा नाही. पेंटरनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि पाणी पी म्हणाला.

मंगळवारी पहिली पायरी गाळून तो थेट दुसरीवर गेला. जेवणाचे डबे उघडल्यावर त्याने विचारलं, “तू सुखी आहेस का रे?” पेंटरच्या हातातला घास हातातच राहिला. त्याने डब्याचं झाकण लावलं, खुर्ची पुढे ओढली आणि हळूच विचारलं, की डॉक्टरनं नक्की काय सांगितलं, आणि किती महिने. घुम्यानं जीव तोडून मान हलवली, पण जो माणूस काहीच बोलत नाही त्याच्या मान हलवण्यावर कोण विश्वास ठेवणार?

बुधवारी पेंटर फळांची पिशवी घेऊन आला. घुम्याला त्याने एकही दगड उचलू दिला नाही, स्वतःच सगळे ओढून कंबर धरून बसला. दुपारी तर त्याने नुकत्याच आलेल्या चांगल्यापैकी करड्या दगडावर फडकं टाकून तो बाजूला ठेवला आणि विचारल्यावर नजर चुकवली. घुम्या ओळखून चुकला, तो दगड आपल्यासाठी राखून ठेवलाय. संध्याकाळच्या वर्गात त्याने पाळकांना विचारलं, दुसऱ्या पायरीवर अडकलं तर काय करायचं? पाळक आनंदानं म्हणाले, “तुम्ही तर जिंकलेले आहात, बंधू. तुम्हीच आम्हाला सांगा.”

गुरुवारी तो बोललाच नाही. बोलू बोलू म्हणताना छिन्नी निसटली आणि एका दगडाचा कोपरा उडाला. पेंटरनं काही न बोलता कोपरा घासून चारही कोपरे सारखे केले. घुम्याला तेव्हा इतकी शरम वाटली, की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

शुक्रवारी सकाळी घुम्या घरून निश्चय करून निघाला. आज पायऱ्या नाहीत, कार्ड नाही, सरळ सांगून टाकायचं. सांगायला तोंड उघडतो तोच दारात कंडक्टरकाकू. एका हातात केक, दुसऱ्या हातात छत्री. प्रभूचं काम उद्यावर कशाला ढकलायचं, म्हणून आजच आल्या म्हणे. एकतीस वर्षांत ज्यांची बस कधी वेळेवर आली नाही, त्या बाई नेमक्या एक दिवस आधी हजर.

“पेंटरसाहेब,” काकूंनी थेट हात जोडले, “भाऊंनी आम्हाला सगळं सांगितलं. तुमच्याशी बोलले, तुम्ही ऐकून घेतलंत. आख्खी मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करतेय हो.”

पेंटरनं घुम्याकडे बघितलं. घुम्यानं छिन्नीकडे बघितलं. आता भांडं फुटणार. त्याच्या डोळ्यांपुढे ते पान आलं, ती फांदी आली, बायकोचा चेहरा आला. पेंटरनं पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाला, “हो. बोलला तो माझ्याशी.”

“आणि काय वाटलं तुम्हाला?”

“बरं वाटलं,” पेंटर म्हणाला. “बरीच वर्षं वाट बघत होतो.”

काकूंना गहिवरून आलं. त्यांनी केक पॉलिशच्या डब्यावर ठेवला, एक छोटीशी प्रार्थना केली, ती त्यांच्या मानानं खरोखर छोटी म्हणजे एकाच थांब्याची होती, आणि छत्री विसरून गेल्या. घुम्याला वाटलं, वाचलो. जन्मभर ह्याचे पाय धुऊन पाणी प्यावं असा मित्र आहे. ‘तू सांभाळून घेतलंस’ असं काहीतरी तो पुटपुटलाही.

पेंटर दगडावर बसला. त्याचा आवाज चढला नाही, पण कानावरची पेन्सिल काढून त्याने खाली ठेवली.

“आख्ख्या मंडळीला सांगितलंस, की मला सांगितलं,” तो म्हणाला. “तेवढं मला सांगायचं राहिलं.”

घुम्या चूक झाली म्हणाला. पान, झाड, फांदी, बायकोचं कोपर, काय काय सांगायला लागला. पेंटरनं हात वर करून त्याला थांबवलं. खोटं बोलल्याचा मला राग नाही, गिऱ्हाइकांना मी रोज खोटी तारीख देतो, तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “तिच्या दगडावर मी खाली चार बोटं जागा सोडली होती. बघितली होतीस?”

“बघितली होती.”

“मग?”

“मला वाटलं, चुकली.”

“एकोणीस वर्षांत माझी आखणी किती वेळा चुकली?”

“एकदाही नाही.”

“ती जागा तुझ्यासाठी होती,” पेंटर म्हणाला. “रोज येऊन माझ्यासमोर बसायचास. मी मनात म्हणायचो, आज बोलेल. साऱ्या गावाच्या मढ्यांना स्वर्गात पाठवलंयस तू, लेका. त्यांच्या दगडांवर लिहितोस ते खरं आहे अशी तुझी खात्री असेल, तर माझ्या बायकोपुरतं तरी मला सांगशीलच. मी मानणार होतो का, ते सोड. मला नुसतं कुणीतरी म्हणायला हवं होतं. तू नळ दुरुस्त करून गेलास.”



“मग मी समजलो,” पेंटर उठत म्हणाला, “की तिकडे काही नसणार. ह्याला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांसाठी कोरतो, पण जवळच्या माणसाला कसं फसवायचं, म्हणून गप्प बसतो. तुझ्या त्या गप्प बसण्यावर मी चार वर्षं काढली.” त्याने हात झटकले आणि तो घरी निघून गेला. शनिवारी तो कामावर आलाच नाही. केक पॉलिशच्या डब्यावर तसाच राहिला.

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ झाली आणि कुणी कोपर मारायच्या आत घुम्या उभा राहिला. त्याने सांगितलं, की मागच्या रविवारी मी खोटं बोललो. पेंटरशी मी काहीही बोललेलो नाही, आजवर कधीच बोललेलो नाही. माझं पान काढून टाका.

मग कंडक्टरकाकू उभ्या राहिल्या आणि गदगदून म्हणाल्या, की मी ह्या कानांनी पेंटरसाहेबांच्या तोंडून ऐकलंय, ‘बोलला तो माझ्याशी, बरं वाटलं’. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, बघा मंडळी, ह्याला म्हणतात नम्रता. केलेल्या कामाचं श्रेयसुद्धा बंधूंना नको आहे. घुम्या म्हणाला, श्रेयाचा प्रश्न नाही, मी खोटं बोललो. जो तो आणखीनच हेलावला. दातांच्या डॉक्टरांनी तर टाळ्या सुरू केल्या. खोटं पहिल्या झटक्यात खपलं होतं, आणि आता खरं कुणी फुकट घ्यायला तयार नव्हतं. शेवटी त्याच्या फांदीला नम्रतेबद्दल आणखी एक पान लागलं.

घुम्या आशीर्वादाला थांबलाच नाही. तो कारखान्यात गेला, छिन्नी-हातोडी पिशवीत घातली आणि पेंटरच्या दारात जाऊन उभा राहिला. दार उघडायला बराच वेळ लागला.

“हवा छान आहे म्हणणार असशील तर आल्या पावली परत जा,” पेंटर म्हणाला.

घुम्या दारातच बोलायला लागला. आत येऊन बसलो तर पुन्हा गप्प बसू, अशी त्याला भीती वाटली.

“मी गप्प बसलो ते तिकडे काही नाही म्हणून नाही,” तो म्हणाला. “तू विचारशील, कशावरून. आणि माझ्याकडे उत्तर नाही. इतकी वर्षं नाही. मी म्हटलं, उत्तर नाही तर बोलू नये. पण ती आहे. तू तिला भेटशील. मला तसं वाटतं. वाटतं म्हणजे, त्यावरच माझं सगळं चाललंय. उद्या ते नाही म्हणून कळलं तर मला छिन्नी उचलता येणार नाही.”

इतकं लांब भाषण त्याने स्वतःच्या लग्नातसुद्धा केलं नव्हतं. पेंटर चौकटीला टेकून उभा होता.

“मी कशावरून म्हणून विचारलं होतं का कधी?” तो म्हणाला.

“नाही.”

“मग?”

“भ्यालो,” घुम्या म्हणाला. “तुझं दुःख राखतोय असं मला वाटायचं. स्वतःची लाज राखत होतो.”

पेंटर आत गेला. घुम्याला वाटलं, आता दार लागणार. पण तो पायांत चपला घालून आणि कानावर पेन्सिल खोचून बाहेर आला.

दफनभूमीत रविवारी दुपारी फारसं कुणी नसतं. वाटेवरचे निम्मे दगड ह्या दोघांच्याच हातचे. एरवी पेंटर येताजाता कुणाचं पॉलिश उतरलं, कुणाचा दगड कलला, हे सांगत जायचा. आज त्याने एकाही दगडाकडे बघितलं नाही. बायकोच्या दगडापाशी आल्यावर त्याने बाहीनं धूळ पुसली आणि तारखांखालच्या रिकाम्या जागेवर पट्टी ठेवली.

“बोल,” तो म्हणाला. “काय लिहू? खात्री असेल तेच सांग. कारखान्यातलं नको.”

कुशी, घर, पहाट, सगळी ठरलेली वाक्यं घुम्याच्या डोक्यात येऊन गेली. कुठलंच त्याचं स्वतःचं नव्हतं.

“पुन्हा भेटू,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“जास्त बोलायची सवय नाही मला.”

पेंटरनं गुडघे टेकले आणि अक्षरं आखायला घेतली. दोन्ही बाजूंची जागा मोजली, पुन्हा मोजली. शेवटच्या अक्षरावर त्याची पेन्सिल थांबली.

“आणि खोटं निघालं तर?” त्याने मागे न बघता विचारलं. “मेल्यावर तुझी मानगूट धरीन मी, सांगून ठेवतो.”

“धर की,” घुम्या म्हणाला. “धरायला सापडलो, म्हणजे खरं निघालं.”

पेंटर तसाच पेन्सिल धरून बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय, हे घुम्याला पाठीमागून कळेना, आणि बहुधा त्यालाही कळत नसावं. घुम्या त्याच्या शेजारी जमिनीवर बसला, पण ह्या वेळी गप्प बसला नाही. काय काय बोलला ते सांगण्यासारखं नाही, नीट जुळवून आलेलं नव्हतं, आणि पायऱ्या तर सगळ्या उलट्यासुलट्या झाल्या. पेंटर काही बदलला नाही. ह्यातलं मला काही पटत नाही, असं त्याने दोनदा स्पष्ट सांगितलं, आणि दोन्ही वेळा पुढे बोल म्हणाला. मग घुम्यानं छिन्नी घेतली, क्षणभर डोळे मिटले आणि पहिला घाव घातला.

घरी आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, बाह्यांवर करडी पूड बसली होती. रविवारच्या कपड्यांची ही दशा बघून बायकोनं कंबरेवर हात ठेवले आणि विचारलं, उपासना सोडून इतका वेळ होतात कुठे?

“पेंटरशी बोलत होतो.”

“पुन्हा?” बायको म्हणाली. “अहो, त्याचं पान तर कधीच लागलं.”

घुम्या ‘हं’ म्हणाला आणि हात धुवायला गेला.